प्रयोगशाळेपासून बांधापर्यंत

बारावीचे निकाल लागले की आमच्या शाळेच्या कचेरीत एक निराळीच वर्दळ सुरू होते. आमची शाळा आठवीपर्यंतची. बारावीशी तिचा कागदोपत्री काही संबंध नाही. तथापि लिंबायतच्या गल्ल्यांतून राहणाऱ्या, मागावर काम करणाऱ्या घरांना 'विचारावे कोणाला?' असा प्रश्न पडला की मुलांचा जुना मुख्याध्यापकच आठवतो. बाप रातपाळी उतरवून तसाच आलेला असतो, केसांत धाग्यांचे तंतू अडकलेले असतात, डोळे तारवटलेले असतात, आणि गुणपत्रिकेची घडी आमच्या टेबलावर उलगडीत तो विचारतो, "सर, पोराला आता कशाला घालू?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही गेली कित्येक वर्षे देत आलो आहोत. ते नेहमी बरोबरच होते, असे मात्र आज आम्हांला म्हणवत नाही. ज्या एका उत्तराने आम्हांला आमचीच चूक दाखविली, त्याची हकीकत आज वाचकांपुढे मांडावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह आली. विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. तिला कृषी पदवीला जावयाचे होते आणि पुढे 'कृषी विस्तार' हा विषय घेऊन शिकावयाचे होते. वडिलांचे म्हणणे सरळ होते. "सर, शेती सुटावी म्हणून तर गाव सोडलं. आता लेक पुन्हा मातीत जाणार म्हणते. लोक काय म्हणतील?" आम्ही वडिलांची बाजू घेतली. परिचारिकेचा अभ्यासक्रम कर, शिक्षिका हो, असे तिला सांगितले. विस्तार म्हणजे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना व्याख्याने देणे, त्यासाठी विद्यापीठात शिकावयाचे ते काय, असेही आम्ही बोलून गेलो. तिने ऐकून घेतले, पाया पडली आणि नवसारीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश घेतला. उधन्याहून सकाळची गाडी धरली की नवसारी फार लांब नाही, एवढाच तिचा वडिलांना दिलासा होता.

आमच्या अज्ञानाची भरपाई म्हणून पुढे आम्ही या विषयाची थोडी माहिती करून घेतली. 'विस्तार' हा शब्द इंग्लंडातून आला. विद्यापीठाच्या भिंतींबाहेरील माणसांनाही विद्या मिळावी म्हणून केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये बाहेरगावी व्याख्यानमाला सुरू केल्या. विद्यापीठाचा हा 'विस्तार' होय. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने त्याला शेतीची जोड मिळाली आणि कृषी महाविद्यालयांवर आपले ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याची जबाबदारी आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार या तीन पायांवर उभे असलेले तेथील विद्यापीठ आपल्याकडे नमुना म्हणून घेतले गेले. १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात त्यानंतर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार विद्यापीठे झाली. गुजरातचे एकच कृषी विद्यापीठ होते, त्याची २००४ मध्ये चार विद्यापीठे झाली व त्यांतील एक नवसारीस आले.

कल्पना मात्र आपल्याला परकी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सरकारला ज्या सूचना केल्या, त्यांत दरवर्षी प्रदर्शने भरवावीत, पिकांच्या व औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, अशीही एक सूचना आहे. पाहून, करून आणि स्पर्धेतून शिकणे. आजचा विस्तारशास्त्राचा विद्यार्थी हेच निराळ्या शब्दांत शिकतो. राहुरीच्या विद्यापीठाला जोतीरावांचे नाव आहे, ते म्हणूनच शोभते.

आता या अभ्यासाचे स्वरूप. कृषी पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यात माती, बी-बियाणे, कीड, रोग, जलसिंचन, अर्थशास्त्र यांबरोबर विस्तार शिक्षण हा एक विषय असतो. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना काही महिने प्रत्यक्ष खेड्यात, शेतकऱ्यांच्या सहवासात काढावे लागतात. महाराष्ट्रात या मुलांना 'कृषिदूत' आणि मुलींना 'कृषिकन्या' म्हणतात. गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढून घेणे, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा ते दाखविणे, बीजप्रक्रिया करून दाखविणे, अशी कामे ती करतात. ज्याला या विषयात पुढे जावयाचे असेल त्याने पदव्युत्तर पदवीसाठी तो घ्यावा. तेथे ग्रामीण समाजशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, संदेशवहन आहे. प्रश्नावली कशी करावी, मुलाखत कशी घ्यावी, आकडे कसे वाचावेत, हेही आहे. एखादे नवे वाण शेतकरी केव्हा आणि का स्वीकारतो, केव्हा नाकारतो, हा तर या शास्त्राचा गाभाच म्हणावयास हवा.

या गाभ्याची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास मक्याचे संकरित बी बाजारात आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी तेथील २५९ शेतकऱ्यांची पाहणी करून १९४३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी ते बी स्वीकारले होते. परंतु त्याला कित्येक वर्षे लागली होती. बी निघाल्याची बातमी बहुतेकांना प्रथम विक्रेत्याकडून कळली होती. ते पेरावे की नाही, हा निर्णय मात्र त्यांनी शेजाऱ्याचे शेत पाहून आणि शेजाऱ्याशी बोलून घेतला होता. बातमी पोहोचणे निराळे आणि विश्वास बसणे निराळे, हे त्या पाहणीने दाखवून दिले.

त्याच आयोवात एव्हरेट रॉजर्स नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा वाढत होता. त्याच्या वडिलांनी संकरित मक्यावर विश्वास ठेवला नाही. १९३६ च्या अवर्षणात शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि त्यांचा वाळून गेला. हा मुलगा पुढे प्राध्यापक झाला आणि १९६२ मध्ये त्याने 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' हा ग्रंथ लिहिला. जगभर या विषयाचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. वडिलांच्या वाळलेल्या शेतातून मुलाचे शास्त्र उगवले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ही गोष्ट वाचताना आम्ही थबकलो, याचे कारण आमच्या घरात होते. ते सांगण्यापूर्वी वाचकांना सुरतेतल्याच एका जागी घेऊन जातो. अठवा भागातील कृषी संशोधन केंद्राच्या शेतावरून आपण अनेकदा गेला असाल. गजबजलेल्या शहरात एवढे हिरवे शेत कसे राहिले, याचे नवलही केले असेल. याच सुरतेच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'संकर-४' हे कापसाचे वाण तयार केले. व्यापारी प्रमाणावर लावले गेलेले ते कापसाचे जगातील पहिले संकरित वाण. ते करण्याची रीत मोठी कष्टाची होती. संध्याकाळी मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर हाताने काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे परागकण तिला हातानेच लावावयाचे. एकेका कळीला हा सोहळा. अशा कळीच्या बोंडातून जी सरकी निघते, तीच संकरित बी. तिच्यापासून येणारे पीक जोमदार असते. पण त्या पिकाची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली, तर तो जोम उतरतो आणि झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून हे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमच्या घराचा इतिहास त्या एका वाक्यावरून वळला आहे.

आमचे वडील शिंदखेडे तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, पण जमीन विकली नाही. १९७५ साली त्यांनी प्रथमच संकरित कापसाचे बी आणले. सांगायला आलेल्या माणसाने खत किती, अंतर किती, फवारणी केव्हा, सारे सांगितले. पीक असे आले की गाव पाहायला लोटले. वडील काटकसरी, बापजाद्यांपासून चांगल्या पिकाचे बी राखून ठेवण्याची रीत. त्यांनी निवडक बोंडांचा कापूस घरात ठेवला, आईने हाताने सरकी काढली आणि पुढच्या वर्षी तीच पेरली. खतासाठी कर्ज घेतले. त्या वर्षी शेतात काही झाडे कमरेएवढी, तर काही गुडघ्याएवढी उभी राहिली; बोंडे मोजकी धरली. गावाने म्हटले, जमीन खचली. भाऊबंदांनी म्हटले, याचा हात बिघडला. १९७७ मध्ये वडिलांनी ताप्ती लाइनची गाडी धरली आणि आम्हां सर्वांना घेऊन ते सुरतेस आले. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. पुढची तीस-पस्तीस वर्षे त्यांनी मागावर काढली. शेतीविषयी ते घरात कधी बोलत नसत. विषय निघालाच तर "मना हातले गुण नव्हता" एवढेच म्हणत आणि उठून जात.

आमची विद्यार्थिनी पदवी घेऊन पदव्युत्तर वर्गात गेली, तेव्हा एका रविवारी घरी आली. तिच्या हातात मुलाखतीची प्रश्नावली होती. खरी पाहणी सुरू करण्यापूर्वी अशी प्रश्नावली काही बाहेरच्या माणसांवर आजमावून पाहावी लागते. कोणता प्रश्न कळत नाही, कोणता टोचतो, ते त्यातून समजते. तिने विचारले, "सर, आबांना वेळ आहे का? त्यांनी कापूस केला आहे ना?" वडील ऐंशी ओलांडलेले. त्यांना वेळच वेळ होता.

ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि अहिराणीत बोलू लागली. विद्यापीठात इंग्रजीतून शिकणारी ही मुलगी प्रश्न मात्र आजीच्या भाषेत विचारीत होती. कोणते वाण लावले? बी कोठून आणले? माहिती प्रथम कोणी दिली? किती वर्षे लावले? का सोडले? या शेवटच्या प्रश्नावर वडील गप्प झाले. आम्ही मध्ये पडून विषय बदलणार होतो. तिने डोळ्यांनीच आम्हांला थांबविले. ती वाट पाहत राहिली. मग वडिलांनी ती हकीकत सांगितली, जी आम्हांलाही त्यांनी कधी सलग सांगितली नव्हती.

तिने सारे लिहून घेतले. नंतर हळूच विचारले, "आबा, हे बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, राखून चालत नाही, हे तुम्हांला कोणी सांगितलं होतं का?"

"माले कोनीच सांगं नही," वडील म्हणाले.

मग तिने कागदावर दोन झाडे काढली, त्यांचे लेकरू काढले आणि लेकराची लेकरे काढली. कोणी आजोबांवर गेलेले, कोणी आजीवर. वडील चष्मा सावरून त्या चित्राकडे बराच वेळ पाहत होते. आणि मग म्हणाले, "मंग चूक मनी नव्हती!"

आम्ही मराठीचे पदव्युत्तर पदवीधर. शब्दांवर आमचा चरितार्थ चालला आहे. पण चार शब्दांनी एखाद्या माणसाच्या पाठीवरचे जवळजवळ पन्नास वर्षांचे ओझे उतरताना आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिले. आणि तेवढ्याच तीव्रतेने हेही जाणवले की ज्या शहरात ते बी जन्मले, त्याच शहरात ते बी न कळल्यामुळे उठून आलेला एक शेतकरी उभा जन्म राहिला. अठव्याचे ते शेत आमच्या घरापासून काही किलोमीटरवर. ज्ञान होते, ते खरे होते, ते उपयोगाचे होते. फक्त एक वाक्य पोहोचले नव्हते.

विस्तार म्हणजे व्याख्याने देणे, हा आमचा समज त्या दिवशी गळून पडला. सांगणाऱ्याने काय सांगितले यापेक्षा ऐकणाऱ्यापर्यंत काय पोहोचले आणि काय वाटेत राहिले, याचा हिशेब ठेवणारे हे शास्त्र आहे. शेतकरी अडाणी आहे, ऐकत नाही, असे आपण फार सहज म्हणतो. वर्गात मूल नापास झाले की 'मठ्ठ आहे' म्हणणारा शिक्षक आणि पीक बुडाले की 'अडाणी आहे' म्हणणारा अधिकारी, हे दोघे सख्खे भाऊ होत. त्यांतला पहिला आम्ही कधी तरी होतो, हे लिहिताना संकोच वाटतो. पण लिहिले पाहिजे.

हा हिशेब चुकला तर केवळ पीकच जाते असे नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक रंगीत खूण असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानाने सौम्य. ही खूण कायद्याने छापली जाते. परंतु छापले म्हणजे कळले काय? फवारणारा मजूर बहुधा डबा पाहतही नाही, त्याच्या हाती तयार पंप येतो. त्याला तोंड झाकावे, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, हे कोणी, कोणत्या भाषेत, केव्हा सांगावयाचे, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही, विस्ताराचा आहे.

साधने काळाबरोबर बदलत गेली. १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली आणि ग्रामसेवक गावोगाव पोहोचला. गुजरातेत १९७५ नंतर खेडा जिल्ह्यातील पीज येथील प्रक्षेपकावरून गावकऱ्यांच्या प्रश्नांवर, गावकऱ्यांनाच घेऊन दूरदर्शनचे कार्यक्रम केले गेले. त्या प्रकल्पाला १९८४ मध्ये युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. मुंबई दूरदर्शनवरील 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम आपल्यापैकी पुष्कळांनी शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिला असेल. कृषी विज्ञान केंद्रे १९७४ पासून निघू लागली, ती आता देशात ७०० हून अधिक आहेत. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या आपल्या तिन्ही जिल्ह्यांत ती आहेत. २००४ पासून शेतकऱ्याला दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळतो. १८००-१८०-१५५१ हा तो क्रमांक. मराठीत विचारले तर मराठीत उत्तर मिळते. गावी ज्यांची शेती आहे त्यांनी तो भाऊबंदांना जरूर कळवावा. तरीही साधन म्हणजे संवाद नव्हे. आयोवातल्या शेतकऱ्याप्रमाणे आपला शेतकरीही अखेर विश्वासाच्या माणसाकडेच पाहतो.

आणि येथेच आमच्या वस्तीतील मुलांचा विचार मनात येतो. लिंबायतचे मूल घरात अहिराणी बोलते, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि मागाच्या खात्यात हिंदी. आपण याला आजवर त्याची अडचण समजत आलो. एका भाषेतील गोष्ट दुसऱ्या भाषेत, एका जगातील गोष्ट दुसऱ्या जगात नेण्याची सवय त्याला पाळण्यापासून असते. विस्ताराच्या कामाला याहून मोठे भांडवल ते कोणते? गावाशी नाते तुटलेले नाही, उन्हाळ्यात आणि लग्नसराईत गाडी भरून आपण तिकडे जातोच.

पालकांनी व्यवहारही पाहावा, हे योग्यच. विज्ञान शाखेतून बारावी आणि प्रवेश परीक्षा, हा पदवीचा राजमार्ग. दहावीनंतर कृषी पदविकेचाही मार्ग आहे. ज्यांना नोकरी सांभाळून शिकावयाचे आहे, त्यांच्यासाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात मराठीतून कृषी शिक्षणाची सोय आहे. पुढे गुजरातेत ग्रामसेवक, महाराष्ट्रात कृषी खात्यातील पदे, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून अधिकारीपद, बँकांतील कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञ, कृषी नियतकालिके, अध्यापन, अशा वाटा आहेत. त्या सर्वांसाठी सहज मोकळ्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे येथेही खरे आहे. भरतीची वाट पाहण्यात वर्षे जाऊ शकतात. ज्याला केवळ पगार हवा आहे, त्याने दुसरे काही पाहावे. ज्याला माणसांत बसून ऐकण्याची आवड आहे, त्याला मात्र आम्ही आता अडविणार नाही.

त्या रविवारी ती मुलगी गेल्यावर वडिलांनी आम्हांला गावी चुलतभावाच्या नातवाला फोन लावून देण्यास सांगितले. आमचा तुकडा तोच कसतो. वडिलांनी त्याला विचारले, कापसाचे बी दरवर्षी नवे घेतोस ना? तो पलीकडून हसला. "आबा, आता हे कोणाला माहीत नाही?"

वडील हसले नाहीत. आता सर्वांना माहीत आहे, ही चांगली गोष्ट आहे, असे काहीसे म्हणून त्यांनी फोन आमच्या हाती दिला. मग बऱ्याच वेळाने, जणू स्वतःशीच, त्यांनी विचारले की ती पोरगी पुन्हा केव्हा येणार आहे. तिला अजून एकदोन गोष्टी विचारायच्या राहिल्या आहेत.